वेलीमागे एक कळशी

रंगाऱ्यानं मला मागच्या अंगणात बोलावलं. चोपड्याजवळच्या आमच्या गावचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं आहे, म्हणून मी जळगावहून येऊन आठ दिवस राहिले होते. मागच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीला, निळसर डागांची एक लांबलचक ओळ होती.

"ताई, दोन हात मारले तरी हे वर येतंय. कशाचं आहे?"

"मोरचुदाचं."

"भिंतीला कशाला मोरचूद?"

"भिंतीला नाही. इथं द्राक्षं होती. फवारा उडायचा."

तो हसला. "चोपड्याला द्राक्षं? केळी म्हणा ना."

त्याचं चूक नव्हतं. आमच्या गावात त्या काळी केळी आणि कापूस सोडून कुणी काही लावत नसे. मी त्याला म्हटलं, तिसरा हात मार, नाहीतर राहू दे. आणि तो ब्रश धूत बसला तेवढ्या वेळात मी तिथंच धुण्याच्या दगडावर टेकले.

अंगण आता लहान वाटतं. तेव्हाही फार मोठं नव्हतं. कोपऱ्यात विहीर, विहिरीवर मोटार. धुण्याच्या दगडाखालून सांडपाण्याची चारी जायची, तिच्या काठाला अळू, पुदिना आणि दोन केळी. एक लिंबू, एक शेवगा, हिवाळ्यात वांग्यांचा आणि मेथीचा वाफा. उरलेल्या सगळ्या जागेवर मांडव. सागाचे खांब, वर तारा, तारांवर चौदा वेली. त्या आईच्या होत्या. म्हणजे घरात सगळे तसंच म्हणायचे: विहीर नानांची, सायकल भाऊंची, वेली आईच्या.

नाना म्हणजे माझे आजोबा, आणि भाऊ म्हणजे वडील. भाऊ गावच्या शाळेत मास्तर होते. आई साक्रीकडची. तिच्या वडिलांची, साक्रीच्या आबांची, डोंगराच्या पायथ्याला मुरमाड जमीन होती आणि तिच्यात पाव एकर द्राक्षं. मी सात वर्षांची असताना आईनं तिकडून काड्या आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. आमच्या काळ्या जमिनीत त्या हां हां म्हणता वाढल्या. इतक्या की मांडवाखाली भर दुपारी पुस्तक वाचायला उजेड पुरत नसे.

त्या मांडवावर आमचं वर्ष चालायचं. पाडव्याला आणि दसऱ्याला अशा दोन छाटण्या. छाटणी झाली की अंगण एकदम उघडं पडायचं आणि घर शेजाऱ्यांना दिसायला लागायचं. कापलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमायचा, गळायचा, पुन्हा जमायचा. खालून जाताना मानेवर एखादा पडला की थंड वाटायचं. काड्यांच्या मोळ्या बांधून आम्ही बंबाजवळ रचायचो. द्राक्षाच्या काडीचा धूर बाभळीसारखा डोळ्यांना झोंबत नाही, त्याला किंचित आंबूस वास असतो. त्या दिवसांत शाळेत माझ्या केसांनाही तोच वास असायचा.

मग फवारणी. एका बादलीत मोरचूद, दुसरीत चुना, आणि दोन्ही तिसरीत ओतताना होणारा तो निळा. आई विळा घासून लख्ख करायची आणि मिश्रणात बुडवायची. पात्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडला. विळा पांढराच निघाला की फवारा सुरू. निळ्या हातांनी ती भाकरी थापायला बसायची नाही, दोनदा राखेनं हात धुवायची, तरी नखांच्या कडा निळ्या राहायच्या. हिवाळ्यात वांगी भाजण्याचा वास, त्याखाली गंधकाच्या भुकटीचा वास. थंडी म्हटलं की मला अजून हे दोन्ही एकदम येतात. पावसाळ्यात वेलीचे कोवळे गुंडाळलेले तंतू आम्ही तोडून चघळायचो. चिंचेसारखे आंबट लागतात.

एवढं सगळं होतं. फक्त द्राक्षं नव्हती.

पहिली दोन वर्षं कुणी अपेक्षा केली नाही. तिसऱ्या वर्षी पाच-सहा घोस आले, वाटाण्याएवढे झाले आणि गळले. त्यानंतर तेही नाही. पानं मात्र हातभर. शेजारची काकू भिंतीवरून डोकावून विचारायची, "काय वो वहूबाई, पानांची भाजी करतस का वड्या?" आई म्हणायची, "वड्या. या खायला." पण तिला लागायचं. माहेरी पाव एकराची द्राक्षं बाजारात जात होती आणि इथं चौदा वेली नुसत्या सावलीला.

तिनं सगळं करून पाहिलं. काळी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून वेलींभोवती चर खणले आणि नदीकाठचा मुरूम आणून भरला. राख घातली. काडीवर चारऐवजी सहा डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून छाटली. आबांनी पत्रातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कळवलेली: पाडव्याच्या छाटणीनंतर, उन्हाळ्यात, वेल तहानलेली ठेव. तेव्हाच काडीच्या पोटात घोस धरतो. पाणी जास्त झालं की नुसतं पान होतं. आईला हे लहानपणापासून माहीत होतं आणि ती पाळतही होती. आठवड्याला वेलीमागे एक कळशी, थेंब जास्त नाही.

पण उन्हाळ्यात आखाजी येते. अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात. दिवाळीला नाही गेलं तरी चालतं, आखाजीला जायचंच. आठवडाभर आधी तिचा सख्खा किंवा चुलत भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. निंबाला झोके, गौराईची गाणी, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. आई आम्हाला घेऊन पंधरा-वीस दिवस साक्रीला जायची. निघताना दरवर्षी पदर सावरून नानांना सांगायची, "नाना, वेलींना आठवड्याला एकच कळशी हं. जास्त त्रास घेऊ नका." नाना मान डोलवायचे.

एका आखाजीला मला गोवर निघाला. मी अकरा वर्षांची होते, सत्याऐंशी साल असावं. धाकट्याला घेऊन आई गेली आणि मी नाना-भाऊंजवळ राहिले. ताप उतरला, पण उन्हात जायची बंदी होती, म्हणून माझी खाट मागच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत टाकलेली. तिथून मी रोज सकाळी नानांना पाहायचे. धोतराचा काचा मारून ते विहिरीवरून बादल्या आणायचे. एका वेलीला एक, मग पुन्हा पहिल्यापासून एक. चौदा वेली, अठ्ठावीस बादल्या. मोटार असून हातानं, कारण पाटाच्या पाण्यानं बुंध्याभोवतीची आळी फुटतात असं त्यांचं म्हणणं. शेवटी चार थेंब हातात घेऊन पानांवर शिंपडायचे. ओल्या मातीचा गार वास माझ्या खाटेपर्यंत यायचा. गोवर अंगावर असताना मला तो औषधासारखा वाटायचा.

मी विचारलं, "नाना, आईनं तर एक कळशी सांगितलीय."

नाना बादली टेकवून हसले. "तुनी माय भिडखातर सांगस. सासराले जास्त काम कशी सांगी? आपन समजी लेवानं." मग वेलीच्या खोडावरून हात फिरवत म्हणाले, "ती गयी माहेरले. तिना येलस्ले पानी कोन दी?"

सून भिडेपोटी कमी सांगते, आपण ते समजून घ्यायचं; ती माहेरी गेली की तिच्या वेलींना पाणी आपणच द्यायचं. मला ते पटलं. आमच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा पुरे म्हणाला की आणखी एक पोळी वाढायची, हीच रीत होती. मी कुणाला काही बोलले नाही.

पुढच्या महाशिवरात्रीला भाऊंनी मांडवाखाली उभं राहून वर पाहिलं. एकही घोस नव्हता. घरात दोनच खोल्या होत्या आणि आम्ही भावंडं वाढत होतो. भाऊ शांतपणे म्हणाले, "मला इथं दोन खोल्या काढायच्यात. एक हंगाम आणखी थांबतो. पुढच्या शिवरात्रीला घोस दिसला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसला तर मांडव उतरवायचा. कबूल?"

आई म्हणाली, "कबूल." ती वाद घालणारी नव्हती, आणि भाऊंचं काही चूकही नव्हतं.

नाना ओट्यावरून ऐकत होते. ते मला हळूच म्हणाले, "औंदा जास्त ध्यान देसूत." यंदा जास्त लक्ष देऊ या. मी हो म्हटलं.

पाडव्याची छाटणी सुरू झाली. आई स्टुलावर, मी खाली काड्या गोळा करत. आई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "या वर्षी आखाजीला जाण्याआधी नानांना पुन्हा नीट सांगायला हवं. एक कळशी."

मी म्हटलं, "पण नाना तर रोज दोन बादल्या घालतात."

कात्री थांबली. "रोज?"

"रोज. वेलीमागे दोन."

"तू पाहिलंस?"

"गोवर होता तेव्हा. नाना म्हणाले, तू भिडेपोटी कमी सांगतेस."

आई स्टुलावरून उतरली आणि खोडाशी बसली. रडली वगैरे नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दोन बादल्या म्हणजे मोठी बादली की छोटी?" मोठी, मी म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे चार वर्षं." आणि उठून उरलेल्या वेली छाटल्या.

आता मला कळतं, ती अडकली कशात. सत्तरीच्या माणसाला, ज्यानं आपल्या सुनेच्या मायेपोटी कंबर मोडेपर्यंत पाणी ओढलं, त्याला तोंडावर कसं सांगायचं की तुमच्याच पाण्यानं घात झाला? तिनं सांगितलं नाही. तिनं दुसरा मार्ग काढला. आखाजीला जायचंच नाही. स्वतः घरी राहायचं आणि कळशी स्वतःच्या हातात ठेवायची.

मामा मुराळी म्हणून आला. आई म्हणाली, या वर्षी एसटीचा प्रवास झेपणार नाही. मामा तिच्याकडे, मग नानांकडे पाहत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. गावात दुपारपर्यंत बातमी. मास्तरांच्या बायकोला आखाजीला पाठवलं नाही. शेजारची काकू भिंतीवरून म्हणाली, "नाना, वहूले बांधी ठेवं का काय?" पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं. वाण्यानं विचारलं. नानांनी दोन दिवस पारावर जाणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई मांडवाखाली धान्य पाखडत होती. नाना येऊन समोर बसले. सुनेसमोर असं बसायचा त्यांचा प्रघात नव्हता.

"वहू, आम्हनं काही चुकनं का?"

"नाही नाना."

"मंग? बठ्ठा गाव माले इचारी राह्यना."

आईनं सूप खाली ठेवलं. ती घरात शाळेतलं मराठी बोलायची, नानांशीसुद्धा. सरळ म्हणाली, "नाना, मी गेले की तुम्ही वेलींना पाणी घालता. म्हणून त्या फळत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना तहान लागावी लागते. म्हणून मी थांबले."

नाना वेलींकडे पाहत राहिले. "म्हनजे चार साल मीच..."

"हो."

"मंग सांगं काबर नही?"

"सांगत होते की. एक कळशी म्हणून."

मग नानांना राग आला. आईचा नव्हे, त्या गोष्टीचाच. आखाजीला पूर्वजांच्या नावानं घागर भरतात, त्यासाठी आणून ठेवलेल्या घागरीकडे बोट करून म्हणाले, "मरेलस्ले पानी पाजतस आपन, आनि जित्ता झाडले नही?"

"मेलेल्यांना कुठं फळ धरायचंय, नाना," आई म्हणाली.

नाना हसले नाहीत, पण त्यांचा खांदा हलला. शेवटी म्हणाले, "तू जाय माहेरले. सण शे."

"आणि पाणी?"

"मी नही टाकस."

आई नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनीच मान खाली घातली. "खरं शे. आठे राहीसन माले जमाव नही. झाड सुकी राह्यनं आनि मी देखत बठू?" इथं राहून वेली सुकताना बघणं त्यांना जमणार नव्हतं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाले, "मी बी येस तुनासंगे."

सासरा सुनेच्या माहेरी आखाजीला राहायला जातो, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. भाऊंनी एकदा विचारलं, "लोक काय म्हणतील?" नाना म्हणाले, "आतेबी म्हनीच राह्यनात." आता तरी कुठं गप्प आहेत. वेली भाऊंकडे सोपवल्या. शाळेला सुट्टी होती आणि भाऊ सांगितलेलं तंतोतंत करणारे. एक कळशी म्हटलं की ते कळशी काठापर्यंतही भरणार नाहीत, सांडून उगाच दुसऱ्या वेलीला जाईल म्हणून. आम्ही चौघं दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत बसलो.

परत आलो तेव्हा वेली वाईट दिसत होत्या. पानं पिवळट, कडा करपलेल्या. नाना मागच्या दारी गेलेच नाहीत, आठ दिवस पुढच्या दारानंच वावरले. पावसाळ्यात वेली सावरल्या. दसऱ्याला आईनं छाटणी केली आणि पंधराव्या दिवशी कोवळ्या फुटव्यांत, पानांच्या समोरच्या बाजूला, हिरव्या राळ्याच्या कणसासारखं काहीतरी दिसलं. आईनं मला हाक मारली, भाऊंना मारली नाही. आम्ही दोघींनी घोस मोजले, चुकलो, पुन्हा मोजले. चौदांपैकी अकरा वेलींवर होते. दिवाळीनंतर फुलोरा आला आणि अंगणात एक नवाच वास पसरला, मंद, थोडा पुदिन्याच्या फुलासारखा. इतकी वर्षं मांडवाखाली राहून आम्हाला तो माहीत नव्हता.

शिवरात्रीला भाऊ मांडवाखाली आले. घोस त्यांच्या डोक्याला लागत होते. त्यांनी एक मणी तोडला, खाल्ला आणि म्हणाले, "खोल्या माडीवर काढू."

नानांनी पहिला घोस देवापुढे ठेवला, दुसरा काकूच्या भिंतीवर.

मांडव त्यानंतर आठ वर्षं राहिला. पुढे गावात बोअर झाले, विहिरीचं पाणी दरवर्षी खाली गेलं, आणि एका उन्हाळ्यात कळशीभरही उरलं नाही. तहान द्यायची वेगळी आणि तहान पडायची वेगळी. नाना तेव्हा नव्हते, ते बरं झालं. वेली गेल्या, खांब कुणीतरी नेले. आई आता माझ्याकडे जळगावला असते. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी किती घालायचं यावरून आमचं रोज वाजतं. द्राक्षांची चव विचाराल तर मला नीट आठवत नाही. गोड होती, साक्रीच्या आबांची जास्त गोड होती.

पण नानांसोबतची साक्रीची ती पहिली आखाजी मला लख्ख आठवते. आबांच्या अंगणाला लागूनच त्यांचा द्राक्षांचा मांडव. ऊन असं की डोंगर थरथरताना दिसायचा. निंबाखाली बायका झोके घेत होत्या आणि नानांना पाहून त्यांना भलताच चेव चढला होता. "बाई वं, सासराच मुराळी बनीसन उना!" एक म्हणाली. नाना म्हणाले, "मुराळी नही वं माय. माले हद्दपार करेल शे." झोका थांबवून त्या हसल्या.

दुपारी दोघं म्हातारे मांडवाखाली बसले. आबांच्या वेलीही तहानेला टेकलेल्या होत्या, पानं दुपारी मिटल्यासारखी लोंबत. आईनं माठातलं पाणी तांब्यात आणून नानांपुढे ठेवलं. तांब्याला बाहेरून थेंब आले होते. नानांनी हात लावला नाही.

"नाना, पी ना पानी," आबा म्हणाले.

"आठे नको."

"काबर?"

नानांनी हनुवटीनं वेली दाखवल्या. "त्या देखी राह्यन्यात."

त्या बघताहेत, म्हणून. नाना तांब्या उचलून घराला वळसा घालून पुढच्या ओट्यावर गेले, भिंतीआड उभं राहून घटाघटा सगळं पाणी प्यायले, उपरण्यानं मिशा कोरड्या पुसल्या आणि परत येऊन वेलींपाशी बसले.